न्कुहलू सर, तुमचे आभार मानायचे राहिले होते

सर नमस्कार,

तुमची माझी काहीच ओळख नाही आणि हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुमच्यापर्यंत पोचायचा चान्स जवळपास शून्य, पण माझ्या बीकॉमच्या पोरापोरींनी वाचलं तरी काम झालं म्हणून उघडच लिहितेय.

मी सीए आहे आणि कॉलेजात अकाउंट्स शिकवते. हे ऐकलं की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "अगं मग प्रॅक्टिस का नाही करत?" म्हणजे जमली नसणार असं परस्पर धरूनच चालतात. त्यात आता कॉलेजनं प्रभारी प्राचार्याचा चार्ज घ्या म्हणून मागे लावलंय, हातात फारसं काही वाढून मिळणार नाही, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) फायली आणि रोजची कटकट मात्र फुल्ल. घरचे म्हणतात वेड लागलंय का. या गोंधळात ऑडिटच्या एका लेक्चरची तयारी करताना तुम्ही सापडलात: वाईझमन न्कुहलू, दक्षिण आफ्रिकेतले पहिले कृष्णवर्णीय सीए, वर्ष 1976.

ते वर्ष बघून मी थांबलेच. त्याच वर्षी सोवेटोत शाळकरी मुलं आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. आणि सीए होणं नुसतं पेपर पास होण्यावर नसतं हो, आर्टिकलशिप, म्हणजे सीए फर्ममधली उमेदवारी, लागते, ती देणाऱ्या फर्म बहुतेक सगळ्या गोऱ्यांच्या, तिथे काळ्या ट्रेनीला घेणार कोण? शिवाय त्याआधी तरुणपणीच राजकारणापायी तुमची रॉबेन आयलंडची जेल भोगून झालेली. मग फोर्ट हेअर युनिव्हर्सिटीतून बीकॉम, मग हे. आमच्याकडे आर्टिकलशिपमध्ये बॉस ओरडला तरी पोरं आठवडाभर डाऊन असतात (मीही असायचे).

पण मला मदत झाली ती यापुढच्या भागाची. पहिला आलेला माणूस पुढे काय करतो? मोठ्या शहरात केबिन घेतली असती तर कोणी नावं ठेवली नसती. तुम्ही उमटाटाला ट्रान्स्काय युनिव्हर्सिटीत अकाउंटिंग शिकवलंत, विभागप्रमुख झालात, कारण तुम्ही एकटेच राहिलात तर तो आकडा एकच राहणार, असं आपलं मी समजते. 1985 मध्ये कृष्णवर्णीय अकाउंटंट्सची आबासा ही संघटना उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्षही तुम्हीच. आणि 1987 ला त्याच युनिव्हर्सिटीचे कुलगुरू, 1991 पर्यंत. तेही कुठे, तर वर्णद्वेषी सरकारनं "स्वतंत्र देश" म्हणून कागदावर उभ्या केलेल्या ट्रान्स्कायमध्ये, ज्याला दक्षिण आफ्रिका सोडून जगात कोणी मान्यता दिली नाही, आणि 1987 च्याच डिसेंबरात तिथे लष्करानं सत्ता घेतली. असल्या ठिकाणी युनिव्हर्सिटी चालवायची, आणि मी इथे नॅकला घाबरतेय!

पुढचं भराभर सांगते, डेव्हलपमेंट बँकेचे चेअरमन, राष्ट्राध्यक्ष म्बेकींचे आर्थिक सल्लागार, नेपाड या आफ्रिकेच्या विकासाच्या कार्यक्रमाचं काम. मग 2007 पासून बरीच वर्षं प्रिटोरिया युनिव्हर्सिटीचे चान्सलर होतात. आमच्याकडे कुलपती म्हणजे राज्यपाल, त्यामुळे मुलांना वाटलं तुम्ही राज्यपालच, ते क्लिअर करण्यात दहा मिनिटं गेली. पण एकेकाळच्या गोऱ्या, आफ्रिकान्स युनिव्हर्सिटीत रॉबेन आयलंडवरून आलेल्या माणसाच्या हस्ते पदव्या, हे मात्र त्यांना लगेच कळलं.

आणि 2018. केपीएमजी या जगभर पसरलेल्या ऑडिट फर्मची दक्षिण आफ्रिकेतली शाखा, राष्ट्राध्यक्ष झुमांच्या जवळच्या गुप्ता बंधूंच्या कंपन्यांच्या ऑडिटवरून पार बदनाम झालेली, हे गुप्ता आपल्या सहारनपूरचे, त्यामुळे वर्गात एकदम शांतता. तेव्हा पंचाहत्तरीला टेकलेले तुम्ही त्या फर्मचे चेअरमन व्हायला तयार झालात. नातवंडं खेळवायच्या वयात दुसऱ्यांनी घालून ठेवलेला घोळ निस्तरायला कोण जातं? यावर मुलांनी माझ्याशी भांडण काढलं, अर्धे म्हणाले सरांनी स्वतःचं नाव कशाला त्यात घातलं, अर्धे म्हणाले मग कोणी घालायचं. मी दुसऱ्या पार्टीत. माझ्या अख्ख्या ऑडिटच्या शिकवण्यात एवढा जिवंत तास झाला नव्हता, त्याबद्दल वेगळे थँक्यू.

प्राचार्यपदाचं संमतीपत्र सोमवारी द्यायचंय. सही करून ठेवलंय. घरी अजून सांगितलेलं नाही, ते रविवारी जेवताना बघू.

तुमची आभारी,
अकाउंट्सची एक मास्तरीण