बाई, आपली पोरं वाट सोडून चालली नाहीत

आदरणीय बाईंना,
सा. न. वि. वि.

उत्तराखंडातल्या चंद्रशिला शिखराच्या ट्रेकहून आपली मंडळी इंदूरला सुखरूप परतली. फोनवर तुमचे आभार मानलेच. पण ट्रेकच्या आधी इथल्या रामबागेत झालेल्या संध्याकाळच्या बैठकीला जे येऊ शकले नाहीत, त्यांनाही तुम्ही काय केलंत ते कळायला हवं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

ट्रेकच्या आधीच्या बैठकीत एरवी बूट, रेनकोट आणि गोळ्या-औषधं एवढीच चर्चा होते. तुम्ही कोटा फरशीचा तुकडा घेऊन आलात, त्यावर बोटभर मातीत दूर्वा रुजवलेल्या. एका मुलीला त्यावरून बुटाचा पाय चार-पाच वेळा घासायला लावलात आणि फरशी तिरकी धरून तांब्याभर पाणी ओतलंत. मुळं सुटलेली माती सरसर परातीत उतरली, खालची फरशी उघडी पडली. "डोंगरावर परात नसते. तिथे गेलेली माती गेलीच," एवढंच म्हणालात. मागच्या रांगेतली कुजबुजही थांबली होती.

मग कारणं सांगितलीत. वाटेतलं तुंगनाथचं मंदिर ३,६८० मीटरवर, चंद्रशिला त्याच्याही वर. झाडं खालीच थांबतात. बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंतच्या मोजक्या महिन्यांत तिथल्या रोपट्याला पान, फूल, बी सगळं उरकायचं असतं. वळण टाळायला माणसं सरळ उतरली की त्या चाकोरीतून पाणी धावतं आणि बुग्याल, म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण, चिरत जातं. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला, हेही तुमच्याकडूनच कळलं. पण पाऊल कुठे टाकावं, हे चालणाऱ्याला आधी कोणीतरी समजावून सांगावं लागतं.

तुंगनाथपर्यंत दगडी फरसबंदी आहे, तिथे प्रश्न येत नाही. खरी परीक्षा पुढच्या मातीच्या चढावर, कारण तिथे मूळ वाटेला कितीतरी फाटे फुटलेत. आपली पोरं चिखल असूनही मधल्या वाटेनेच एकामागून एक चढली. बर्फ नुकताच सरकलेल्या गवतात प्रिम्युलाचे जांभळे गेंद होते. फोटो काढले, पण वाटेवरच उकिडवं बसून.

माथ्यावर लोक दगडांवर दगड रचतात. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांची गोष्ट तुम्ही सांगितली होतीत: तिथे १९८९ पासून माथ्यावर स्टुअर्ड, म्हणजे माथ्याची राखण करणारी माणसं, उभे राहून येणाऱ्यांना झाडोऱ्याबद्दल समजावतात, आणि वाट आखायला लागणारे दगड गिर्यारोहक पायथ्यापासून पाठीवर नेतात. ते आठवून आपल्यापैकी कुणी एक दगडही जागचा हलवला नाही. दगडाच्या आडोशाला काय काय तग धरून असतं, ते तुम्ही दाखवलेल्या चित्रांत सगळ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या शहरातला एक ग्रुप गवतात लोळून रील काढत होता. आपला सर्वांत लहान मुलगा त्यांच्याकडे गेला. "आधी फूल दाखवा, मग वाट दाखवा, दटावू नका," हे तुमचं सांगणं त्याने तंतोतंत पाळलं. ती मुलं उठली, वाकून फूल पाहिलं आणि वाटेवर आली. मला तर चंद्रशिला गाठल्यापेक्षा त्याचा आनंद जास्त झाला.

बाई, तुम्ही मानधन घेतलं नाहीत, रिक्षाचे पैसेही नाही. तुमचे मनापासून आभार.

पावसाळ्यानंतर दुसरी तुकडी निघतेय. बैठकीची तारीख तुमच्या सोयीने ठरवू. फरशी आणि दूर्वांची तयारी या वेळी मुलंच करणार आहेत.

आपला,
ट्रेकचा एक संयोजक, इंदूर