मराठी पानाला मराठीची ओळख द्या

महोदय,

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन साजरा झाला. कुसुमाग्रजांच्या गावात राहतो, म्हणून हे पत्र.

१९७९ पासून मी रविवार कारंज्याजवळच्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी शिशाची अक्षरे, जुळवले. पुढे डीटीपी आले, तेव्हा संगणकावर बसलो. निवृत्तीनंतर गेली तीन वर्षे वेबपाने करायला शिकतो आहे. क्लास लावलेला नाही. भाच्याचा जुना लॅपटॉप, नोटपॅड आणि एक मोठी सोय: कुठलेही पान उघडून कंट्रोल आणि यू दाबले की त्यामागचा मजकूर समोर येतो. खिळ्यांचा उलटा मजकूर वाचण्यात आयुष्य गेले, त्यामुळे एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपान ज्या खुणांत लिहितात त्यांच्या, कंसांची भीती वाटली नाही. युरोपातल्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचे तंत्र जगाला मोफत खुले केले, म्हणूनच हे घरबसल्या शिकता आले.

माझे पहिले पान तांबट लेनीत ऐकलेल्या भांड्यांच्या नावांचे. घंगाळ, बंब, गडू, तपेले, कळशी अशी १४० नावे मी पूर्वी जुन्या फॉन्टात टाइप करून ठेवली होती. पानावर चढवली तर नुसती रोमन अक्षरे आणि चिन्हे! त्या फॉन्टात मराठी फक्त दिसण्यापुरती होती, आत साठवलेले सगळे रोमन. सारी नावे युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, पुन्हा टाइप केली.

मग ओळी इतक्या चिकटल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसला. छापखान्यात अशा वेळी आम्ही दोन ओळींत शिशाची पट्टी घालायचो. इथे ‘लाइन-हाइट’ १.७ केली आणि मजकूर मोकळा झाला. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांतले अंतर वाढवले, तर शिरोरेषाच तुटली. ते लगेच काढले. पानाच्या सुरुवातीला भाषा ‘एमआर’, म्हणजे मराठी, असे लिहिले तेव्हा हिंदी वळण जाऊन तपेल्यातला ल पाकळीचा झाला आणि कळशीतला श देठाचा. फॉन्टमध्ये सोय असली की एवढ्याशा नोंदीने हे होते. २००९ च्या शासन निर्णयात हीच वळणे मराठीसाठी धरली आहेत. खिळ्यांच्या केसमधून मी वर्षानुवर्षे हेच ल आणि श उचलले. त्या दिवशी ते पडद्यावर पाहून डोळे भरून आले.

शेजारी एक अंध गृहस्थ राहतात. त्यांचा फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. परवा एका स्थानिक संस्थेच्या संकेतस्थळावरची सूचना त्यांना हवी होती. ती कागदाचा फोटो काढून टाकलेली, फोन नुसता ‘इमेज’ म्हणून थांबला. शेवटी मी वाचून दाखवली. तीच सूचना टाइप केलेली असती तर त्यांना माझी वाट पाहावी लागली नसती.

नाशिकमधील संस्थांना, मंडळांना, ग्रंथालयांना माझी कळकळीची विनंती आहे: सूचना युनिकोडमध्ये टाइप करा आणि पानाची भाषा मराठी नोंदवा. ज्यांना अडेल त्यांच्याकडे मी लॅपटॉप घेऊन येईन, मोबदला नको.

– एक निवृत्त कंपोझिटर, जुने नाशिक