भाड्यातून हप्ता सुटतो का?

महोदय,

पाडवा जवळ आला की ‘दुसरा फ्लॅट घ्या, हप्ता भाडेकरू भरेल’ अशा जाहिराती सुरू होतात. निवृत्तीनंतर भाड्याचा आधार असावा ही इच्छा रास्तच आहे. पण पूर्ण हिशेब सहसा कोणी मांडत नाही, म्हणून हे पत्र.

पुण्यात ६० लाखांचा रीसेल फ्लॅट धरू. मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ४ लाख २० हजार, नोंदणी फी ३० हजार, सोसायटीचे हस्तांतर शुल्क २५ हजार, दलाली एक टक्का धरली तर ६० हजार. घर ६५ लाख ३५ हजारांना पडले. बँक अशा घराला जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ४८ लाख देते आणि मुद्रांक शुल्क त्यात धरत नाही. सव्वासतरा लाखांहून जास्त रक्कम आपली घालावी लागते. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साधारण ४१,६५५ रुपये बसतो.

भाडे १८ हजार धरा. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत वर्षातला एखादा महिना घर रिकामे राहतेच, म्हणून ११ महिन्यांचे १ लाख ९८ हजार. त्यातून मेंटेनन्स ३६ हजार, मालमत्ता कर १५ हजार, रंग, नळ, गीझर यांचे १२ हजार वजा करा. उरले १ लाख ३५ हजार, म्हणजे महिन्याला ११,२५०. हप्त्याला तीस हजारांवर कमी! एकूण गुंतवणुकीवर हा परतावा जेमतेम दोन टक्के. साडेआठ टक्क्यांच्याच व्याजाने भाड्यातून हप्ता खरोखर सुटायचा असेल तर कर्ज १३ लाखांच्या आत हवे आणि ५२ लाख आपले.

किंमत वाढेल त्यात भरून निघेल, असे यावर सांगितले जाते. वाढेलही. पण ती घर विकल्यावरच हाती येते, आणि दरम्यान नोकरी गेली तरी हप्ता थांबत नाही. निदान सहा महिन्यांचे हप्ते वेगळे ठेवल्याशिवाय या वाटेला जाऊच नये.

काही खर्च आधी दिसत नाहीत. विकणारा स्वतः राहत असेल तर त्याच्या पुणे महापालिकेच्या बिलात ४० टक्के सवलत असते; घर भाड्याने दिले की ती मिळत नाही. सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार, लावते. प्राप्तिकरात पालिकेचा भरलेला कर वजा जाऊन उरलेल्या भाड्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते. मेंटेनन्स आणि रंगकाम त्यातच आले, वेगळे दाखवता येत नाही. व्याजामुळे होणारा तोटा जुन्या करप्रणालीत वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वजा होतो, नव्या प्रणालीत अजिबात नाही. कर वाचवायला म्हणून घर घेणाऱ्यांनी आपण कोणत्या प्रणालीत आहोत हे आधी पाहावे.

सगळ्यात महाग पडते ती कराराची हयगय. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठरावीक मुदतीपुरते वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरू सांगेल ते प्रथम ग्राह्य धरतात. नोंदणी असेल तर मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट वसुली मागता येते. यासाठी मुद्रांक शुल्क फक्त पाव टक्का आणि शहरात नोंदणी फी एक हजार. एवढ्यासाठी नोटरीच्या कागदावर भागवणे म्हणजे घर पणाला लावणे.

खरेदीआधी भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीच्या नावे झालेले अभिहस्तांतरण (जमिनीची मालकी सोसायटीकडे आल्याचा दस्त), मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्च आणि पहिल्या खरेदीदारापासूनचे सर्व मूळ करारनामे पाहावेत. मधला एक करारनामा गहाळ असला तरी बँक कर्ज अडवते, आणि उद्या तुमच्याकडून घेणाऱ्यालाही तीच अडचण येते. इसार या तपासणीनंतरच द्यावा.

– एक कर सल्लागार, पुणे