प्रा. कन्नन मौदगल्य सर, मनापासून आभार

आदरणीय मौदगल्य सर,
सादर नमस्कार.

तुमची-माझी प्रत्यक्ष ओळख नाही. मी खानदेशातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात केमिकल शाखेला प्रोसेस कंट्रोल, म्हणजे कारखान्यातलं तापमान, दाब वगैरे हवं तिथे राखण्याचं शास्त्र, शिकवते. आयआयटी मुंबईत तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्यांनी जे उभं केलंत, त्याने माझा वर्ग बदलला. हे आभार सर्वांसमोर मानावेत असं वाटलं, म्हणून हे खुलं पत्र.

आमच्याकडे हा विषय वर्षानुवर्षं फळ्यावरच शिकवला गेला. लाप्लास ट्रान्सफॉर्म, ब्लॉक डायग्राम, बोडे प्लॉट. मुलं गणितं सोडवायची, पेपरात गुणही मिळवायची. प्रयोगशाळेत सेट-अप एकच. त्याच्याभोवती अख्खी बॅच उभी, एक जण नॉब फिरवणार, बाकीचे रीडिंग उतरवून घेणार. सबमिशनला जर्नल मात्र सगळ्यांचं पूर्ण.

तुमच्या सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम या छोट्या प्रयोगसंचात आहे तरी काय? पोलादाची छोटी पट्टी, तिला तापवणारी कॉइल, गार करणारा पंखा, तापमान मोजणारा सेन्सर आणि हे सगळं संगणकाशी जोडणारा मायक्रोकंट्रोलर. पण ती तुम्ही इंटरनेटवरून वापरायला खुली केलीत. वेळ राखून ठेवायची आणि पवईतल्या तुमच्या आयआयटीतली पट्टी इथल्या संगणकावरून तापवायची. स्टेप दिल्यावर, म्हणजे हीटर एकदम वाढवल्यावर, येणारा आलेख पुस्तकातल्यासारखा गुळगुळीत नसतो, थरथरत चढतो. कंट्रोलरची इंटिग्रल क्रिया, म्हणजे साचत गेलेल्या फरकावरून होणारी दुरुस्ती, जास्त ठेवली की तापमान सेटपॉइंट (ठरवलेली पातळी) ओलांडून वर जातं, खाली येतं, पुन्हा वर जातं. "मॅडम, हे एका जागी थांबत का नाही?" असं मुलं आपणहून विचारू लागली. त्या प्रश्नानंतर पीआयडी ट्यूनिंग, म्हणजे कंट्रोलरचे आकडे जुळवणं, शिकवण्यात जी मजा आहे, ती आधी कधी आली नव्हती. सिम्युलेशनमध्ये नॉइज, म्हणजे रीडिंगमधली ही थरथर, आपण घालतो. इथे तो खऱ्या उपकरणातून, न बोलावता येतो, आणि इंजिनिअरला आयुष्यभर त्याच्याशीच गाठ आहे.

शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर आणणाऱ्या तुमच्या फॉसी प्रकल्पाच्या टेक्स्टबुक कम्पॅनियनबद्दल तर किती लिहू! पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं साइलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये कोड करायची, तुमच्याकडे ती तपासली जाणार, आणि मान्य झाली की विद्यार्थ्याच्या नावासकट सगळ्यांसाठी खुली होणार. वर मानधनही. कोडचं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही तर चूक कुठे आहे हे शोधावंच लागतं. कधी ती कोडमध्ये असते, कधी पुस्तकाच्या छपाईत. छापलेल्या उत्तरावर शंका घ्यायला आमच्या परीक्षा शिकवत नाहीत. या कामाने ती सवय मुलांना लावली. शिवाय सॉफ्टवेअर मुक्त असल्यामुळे लायसन्सचा प्रश्न मिटला. जे लॅबमध्ये, तेच मुलाच्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर.

स्पोकन ट्युटोरियल या सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या तुमच्या व्हिडिओंचे आभार मला माझ्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या वतीने मानायचे आहेत. आमच्याकडे बरीच मुलं मराठी माध्यमातून येतात. पडद्यावरचा मेनू इंग्रजीच, पण समजावणारा आवाज मराठी. एका खिडकीत व्हिडिओ, शेजारच्या खिडकीत सॉफ्टवेअर. थांबवायचं, करून पाहायचं, पुढे जायचं. रेकॉर्डिंगच्या आधी स्क्रिप्ट एखाद्या नवख्याला देऊन त्याला ती समजते का हे तुम्ही पाहता, हे कळल्यावर माझ्या स्वतःच्या नोट्सही मी तशाच तपासून घेऊ लागले. मराठीत आवाज देणाऱ्या सगळ्यांपर्यंत माझा नमस्कार पोहोचवा, सर. शंका विचारायला बिचकणारी मुलं त्या आवाजाच्या आधाराने शिकली आहेत.

हे सारं केंद्र सरकारच्या निधीतून झालं हे खरं. निधी अनेक ठिकाणी जातो. तो आमच्यासारख्या लांबच्या कॉलेजातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचावा यासाठी जी माणसं खपली, त्यांचे आभार वेगळे मानायलाच हवेत.

आता एक विनंती. आमच्या एम.टेक.च्या दोन विद्यार्थिनी डिस्टिलेशनची (ऊर्ध्वपातनाची) एक फ्लोशीट, म्हणजे प्रक्रियेचा आराखडा, डीडब्ल्यूसिम या मुक्त सॉफ्टवेअरवर तयार करत आहेत. थर्मोडायनॅमिक पॅकेज (पदार्थांचे गुणधर्म काढणारी समीकरणं) कोणतं निवडायचं यावरून त्यांचा आठवडाभर वाद चालू आहे. काम पूर्ण झालं की त्या ते फॉसीकडे पाठवतील. तुमच्या तपासनिसांनी ते कसून तपासावं, आणि कच्चं वाटलं तर बेलाशक परत पाठवावं.

आपली नम्र,
प्रोसेस कंट्रोलची एक शिक्षिका