सांध्यातलं पाणी आधी तपासा

महोदय,
आईला वीस वर्षांपासून संधिवात आहे. एकदा तिचा एकच गुडघा रातोरात सुजला, हाताला चटका बसावा इतका तापला. ‘वात उसळलाय’ म्हणत आम्ही दोन दिवस शेकत बसलो. (चूक आमचीच.) सुईने काढलेलं पाणी गढूळ पिवळं निघालं. जंतुसंसर्ग! प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असल्याने ताप मात्र जेमतेम.

उपचारांवर चांगलं संशोधन झालंय. ब्रिटनमधल्या १,०५४ रुग्णांवरच्या ‘ओव्हिवा’ चाचणीत (२०१९) हाडा-सांध्यांच्या संसर्गात पहिले सहा आठवडे तोंडावाटे दिलेली प्रतिजैविकं शिरेवाटे दिलेल्यांपेक्षा कमी पडली नाहीत. सलाइनच्या नळीतून सुटका, ही रुग्णासाठी केवढी मोठी गोष्ट! पण २०२१च्या फ्रेंच चाचणीत कृत्रिम सांध्याच्या संसर्गात सहा आठवड्यांच्या उपचारानंतर अपयश १८.१ टक्के, बारा आठवड्यांनंतर ९.४. म्हणजे गोळ्या चालतील, घाई चालणार नाही.

माझी मागणी एवढीच, की अशा चाचण्यांत आमवाताच्या (आईसारख्या, सांधे सुजवणाऱ्या संधिवाताच्या) रुग्णांचे आकडे वेगळे मांडावेत. त्यांच्यात दुखणं नेहमीचंच, त्यामुळे नवं दुखणं कुणाच्या लक्षात येत नाही.

– एक वाचक