चिऊ, त्या फॉर्मबद्दल

चिऊ,

काल रात्री तू दार आपटून वर गेलीस आणि बाबा मला "आता पुरे" म्हणाले. बोलायचं राहिलं ते लिहिते आहे. उद्या शाळेत तुमचं मतदार नोंदणीचं टेबल आहे, त्याआधी वाच.

तू हे काम करू नकोस असं मी म्हटलंच नव्हतं. सप्टेंबरात तू अठराची होणार आणि तरी 2 जूनच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, मत देणार, याचं मला फार अप्रूप आहे. आपल्या न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर मर्फी यांनी जानेवारी 2024 मध्ये सही केलेला कायदा यंदा, 2026 मध्ये, लागू झाला. नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत ज्यांना अठरा पूर्ण होतील, त्यांना सतराव्या वर्षीच प्रायमरीत मत देता येईल, हे सगळं तूच मला ओट्यापाशी उभी राहून समजावलंस. नेवार्कमध्ये तर सोळा वर्षांची मुलं शाळा मंडळासाठी मत देतात, हेही. मी भाजी परतत होते, पण शब्द न् शब्द ऐकत होते.

पण दादाला नोंदणीचा फॉर्म द्यायचा नाही. रागानंसुद्धा नाही, तत्त्व म्हणूनही नाही.

"तो तीन वर्षांचा असल्यापासून इथं आहे, त्याला मत का नाही?" हे तू त्याला फोनवर विचारलंस तेव्हा तो गप्प झाला, ते तुला ऐकू आलं का? तुझा जन्म इथल्या जेएफके हॉस्पिटलमधला आणि त्याचा पुण्याचा, एवढाच फरक. आमचं ग्रीन कार्ड रांगेत असतानाच त्याला एकवीस पूर्ण झाली आणि तो आमच्या अर्जातून बाहेर पडला. आता शिक्षणाच्या व्हिसावर आहे. तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण त्या फॉर्मवर अगदी सुरुवातीला विचारलंय, तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का. तिथं चुकून "हो"वर खूण करून खाली सही झाली, तर 1996 च्या कायद्याप्रमाणे तो नागरिकत्वाचा खोटा दावा ठरू शकतो. त्याला माफी जवळजवळ नाहीच. पुढचे सगळे रस्ते बंद. म्हणून लायसन्सच्या नूतनीकरणाला गेला तेव्हाही मी त्याला बजावलं होतं की प्रत्येक स्क्रीन वाचून पुढं जा. 2018 पासून तिथं लायसन्सच्या कामातच मतदार नोंदणी होते, नको असेल तर आपण नको म्हणायचं असतं.

आणि प्रश्न एकट्या दादाचा नाही. तुझ्या टेबलाशी येणारी कितीतरी मुलं एच-फोरवर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळालेल्या व्हिसावर असतील, तुझ्यासारखंच इंग्रजी बोलणारी, तुझ्याच वर्गातली. मैत्रीण म्हणते म्हणून भरतील. तेव्हा पेन हातात द्यायच्या आधी त्या नागरिकत्वाच्या चौकटीवर बोट ठेव आणि विचार. कुणी घुटमळलं तर कारण विचारू नकोस, "घरी विचारून ये" एवढंच म्हण.

बघ, परत शिकवायला लागले. राग मानू नकोस.

मला माझं पहिलं मत आठवत होतं. 1989 सालचा नोव्हेंबर, कराड. त्याच वर्षी मतदानाचं वय एकविसावरून अठरावर आलं होतं. अण्णांना ते मुळीच पसंत नव्हतं. "पोरांना काय कळतंय" म्हणायचे. पण त्या दिवशी सकाळी त्यांनीच मला हाक मारून उठवलं. बायकांच्या रांगेत मी आणि आजी. आत गेल्यावर कारकुनानं माझं नाव वडिलांच्या नावासकट मोठ्यानं वाचलं, बोटाला शाई लावली. मतपत्रिका आधी उभी घडी घालायची, नाहीतर शिक्क्याची शाई दुसऱ्या चिन्हावर उमटते, असं आजीनं घरीच शिकवून ठेवलं होतं. मी आत इतका वेळ लावला की बाहेरून कुणीतरी खाकरलं. घरी आल्यावर अण्णांनी कुणाला दिलंस म्हणून विचारलं नाही. आजीला मात्र त्यांनी सांगून ठेवलं होतं कुणाला द्यायचं, आणि आजीनं काय केलं ते तिनं शेवटपर्यंत कुणालाच कळू दिलं नाही.

मला इथं मत नाही. तिकडं नाव नोंदवता येतं, पण द्यायला स्वतः जावं लागतं. त्यामुळे या घरात मतदार तू एकटीच. तू टेबल मांडून बसणार, अनोळखी मुलांना हाका मारणार, याचा अभिमान वाटतो. आणि भीतीही वाटते, गं. नाव, पत्ता, सही असलेल्या कुठल्याही सरकारी कागदाची आम्हाला वाटते तशी. ती तू घेऊ नकोस. फक्त दादाचं लक्षात ठेव.

तुझा स्वतःचा फॉर्म गेला का? निवडणुकीच्या 21 दिवस आधीपर्यंत नोंदणी करायला हवी, म्हणजे 12 मे. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नकोस.

डब्यात थालीपीठं जास्त ठेवली आहेत, टेबलावर बसणाऱ्या सगळ्यांना पुरतील. आणि शाळेत जायच्या आधी दादाला फोन कर. मताचं काही काढू नकोस, नुसतं बोल त्याच्याशी.

तुझी,
आई