एंजलफिशच्या पिल्लांसाठी दादांचे आभार, उशिरा का होईना

दादा, तुमचे आभार मानायचा विषय काढला की तुम्ही लगेच "अगं त्यात काय एवढं" म्हणून फिल्टरवर बोलायला लागता, म्हणून आज सरळ सगळ्यांसमोरच लिहून टाकतेय, आता काय करायचं ते करा.

माझ्या कम्युनिटी टँकमधल्या, म्हणजे वेगवेगळे मासे एकत्र असलेल्या टँकमधल्या, एंजलच्या जोडीने फिल्टरच्या पाइपवर अंडी घातली की सकाळपर्यंत सगळं साफ, हे किती वेळा झालं असेल देव जाणे. ज्याला विचारावं तो म्हणायचा अंडी काढ, वेगळ्या टँकमध्ये टाक, बुरशी रोखणारं मिथिलीन ब्लू घाल, बुडबुडे सोडणारा एअरस्टोन लाव, झालं काम. सल्ला बरोबरच आहे, हजारो लोक तसंच करतात. तुम्ही मात्र उलट मलाच विचारलंत की तुला पिल्लं हवीत की आईबाप बघायचेत, आधी ते ठरव, मग पुढचं बोलू. मला आईबाप बघायचे होते हे मला तेव्हा कळलं खरंतर. त्या एका प्रश्नासाठीच हे सगळं लिहितेय, बाकीची माहिती काय कुठेही मिळाली असती.

मग तुम्ही पहिलं काय करायला लावलंत तर ही जोडी खरंच जोडी आहे का ते बघ. दोन माद्यापण एकमेकींशी जोडी जमवतात, अंडी घालतात, राखतात आणि सगळी अंडी पांढरी पडून बुरशी धरते, माणूस आपला पाण्यालाच दोष देत बसतो. अंडी घालायच्या वेळी पोटाखालची नळी बघायची, नराची बारीक टोकदार, मादीची जाड आणि बोथट, एरवी अंगावरून ओळखायच्या भानगडीत पडायचंच नाही. हे तुम्ही सांगेपर्यंत मी कपाळाचा उंचवटा बघून नर ठरवत होते :)

आणि ती रात्रीची गोष्ट! आईबाप दिवसभर टँकमधल्या टेट्रा माशांना कोपऱ्यात दाबून ठेवतात, मग अंडी जातात कुठे, तर अंधारात. एंजलला अंधारात दिसत नाही आणि कोरी, प्लेको हे तळाला राहणारे मासे नेमके तेव्हाच बाहेर पडतात. खोलीत एक मंद दिवा रात्रभर चालू ठेव आणि प्लेकोला काही दिवस दुसरीकडे हलव, एवढंच म्हणालात तुम्ही, ना कुठलं औषध ना कुठलं नवीन सामान. त्यानंतर जोडीने अॅमेझॉन सोर्ड या पाणवनस्पतीच्या रुंद पानावर अंडी घातली आणि ती सकाळी जागेवर होती, मी तर दात न घासता टँकसमोर बसून राहिले होते.

२८ डिग्रीला साधारण ६० तासांत अंडी फुटतात हे माहीत होतं, पण फुटल्यावर ती पिल्लं डोक्याच्या चिकट धाग्याने पानाला लटकून नुसती शेपट्या वळवळवत राहतात आणि त्यातलं एखादं खाली पडलं की आई ते तोंडात घेते, बराच वेळ चघळते आणि परत पानावर थुंकते, हे बघायला मिळणं वेगळंच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा जीव गेला, तुम्हाला मेसेज टाकला की खातेय, काढू का? तुमचं उत्तर चार शब्दांचं, "धुतेय. हात घालू नकोस." पुढे तर दोघांनी मिळून सगळा गुच्छच या पानावरून त्या पानावर हलवला, एक जण ने-आण करतोय, दुसरी पहाऱ्याला.

पिल्लं पोटातल्या बलकावर असतात तोवर खायला काही घालायचं नाही, पोहायला लागली की मग अंड्यांतून ताजी फुटलेली ब्राइन श्रिम्प, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव. ती अंड्यांतून काढायलापण तुम्हीच शिकवलंत, लिटरला साधारण २५ ग्रॅम मीठ, खालून जोरात हवा, उबदार पाण्यात २४ तास. मग हवा बंद करून थांबायचं, टरफलं वर येतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात आणि जिवंत ती उजेडाकडे गोळा होतात, तिथून ओढून घ्यायची आणि गोड्या पाण्यात धुवून मगच द्यायची. पाच मिनिटांत पिल्लांची पोटं नारिंगी झाली की समजायचं पोचलं.

कम्युनिटीत थवा रोज कमी होणार हे तुम्ही आधीच बजावलं होतं, एक क्षण आईबापांचं लक्ष हललं की टेट्रा एक उचलतात. म्हणून थोडी पिल्लं नळीने ओढून स्पंज फिल्टरवाल्या रिकाम्या टँकमध्ये घ्यायची, बाकीची त्यांच्याजवळ, म्हणजे माझं बघणंही झालं आणि हाताला काही लागलंही. आणि सगळी वाचवायचा हट्ट नको म्हणालात ते तर फारच पटलं. एका वेळी शेकड्यांनी अंडी, अंडी गेली तर दोनेक आठवड्यांत परत, एवढ्या एंजल ठेवणार कुठे? आधी घरं शोध, तेवढीच वाढव. हे असं कोणी बोलत नाही हो, सगळे आकडेच सांगतात.

आता पिल्लांना उंच पंख फुटून ती एकदाची एंजल दिसायला लागलीत, आधी कुठलीही साधी मासोळी वाटायची. त्यातली सहा तुमच्यासाठी बाजूला काढलीत. जोडी विकत आणायची नसते, पाच-सहा एकत्र वाढवायची आणि त्यांची त्यांना जमवू द्यायची, असं तुम्हीच म्हणता ना, मग घ्या आता. तुमचा तो उंच टँक रिकामाच आहे हे मला माहितीये, तेवढा हीटर लावून ठेवा, मी घेऊन येतेय.